जागचं हलू नकोस

७ ऑक्टोबर

पोचले एकदाची! शेवटच्या थांब्यापर्यंत बसमध्ये मी, ड्रायव्हर आणि कुणीतरी विसरलेली छत्री एवढेच उरलो होतो. ड्रायव्हरने टपावरून माझी ट्रंक इतक्या प्रेमाने उतरवली, की आतल्या कपबश्यांनी तिथेच एकमेकींचा निरोप घेतला. पण वर मान करून पाहिलं आणि राग कुठल्या कुठे पळाला. समोर डोंगर. चित्रातल्यासारखा लांबचा निळा वगैरे नाही, चांगला अंगावर आलेला, काळपट हिरवा, माथ्यावर धुक्याची टोपी तिरकी घातलेला.

शाळा बंद झाल्यापासून घरात बसून अंगाला गंज चढला होता. इतकी वर्षं पोरांकडून कवायत करून घेतली, म्हातारपणही गळ्यात शिट्टी अडकवूनच येणार असं धरून चालले होते. डोंगराच्या पायथ्याला माहिती केंद्र आहे, तिथे नवख्या ट्रेकवाल्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला माणूस हवंय असं कळलं, आणि मी दुसरा विचारच केला नाही. ताई फोनवर म्हणाली, पोरं संपली म्हणून आता डोंगराला रांगेत उभं करणार का? म्हटलं, बघू, ऐकलं त्याने तर करीन.

खोली काकूंच्या घरात, वरच्या मजल्यावर. काकू सत्तरीच्या, एकट्याच राहतात, पाठ अजून पट्टीसारखी सरळ. माझं काम पूर्वी त्याच करायच्या. खोली यंदाच पहिल्यांदा भाड्याने काढली म्हणाल्या. मुलीची होती. ती नाही आता, एवढंच बोलल्या आणि नीट असलेली चादर पुन्हा एकदा नीट केली. 

खिडकी थेट डोंगराकडे उघडते. गंमत म्हणजे सबंध गल्लीत त्या बाजूची दुसरी एकही खिडकी उघडी दिसली नाही. काहींना तर आतून फळ्या ठोकल्यात. वारा फार असेल. पण चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात ते हेच. दारात एवढा देखावा आणि माणसं पाठ करून बसलेली!

९ ऑक्टोबर

केंद्र म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर नकाशा, कोपऱ्यात ओले बूट वाळवायची मांडणी, टेबलाच्या खणात नारिंगी शिट्ट्यांचा ढीग. वर जाणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात एक घालायची असा इथला नियम. मला तर माहेरी आल्यासारखं झालं.

आज पहिली तुकडी आली. एक गृहस्थ ऑफिसचे चकचकीत बूट घालून आले होते, फार आरामशीर आहेत म्हणाले. म्हटलं, घसरायला तर त्याहून आरामशीर. दुसऱ्याची सॅक त्याला उचलेना. उघडायला लावली तर आत लोखंडी तवा! वर आमलेट करून खायचा बेत होता. तवा टेबलाखाली ठेवून घेतला, परत आल्यावर न्या म्हटलं.

मग सगळ्यांना बसवून सांगितलं. कुठे जाताय आणि केव्हापर्यंत परताल ते खाली कुणालातरी सांगून जा. सुती कपडा भिजला की अंगातली ऊब पिऊन टाकतो, म्हणून आत लोकरीचं आणि वर वारापाणी अडवणारं काहीतरी हवं. नव्या बुटांशी जे काय भांडण करायचं ते आधी घरात करून घ्या, डोंगरावर नको. पाणी तहान लागायच्या आधी प्या. सकाळी लवकर निघा. परत फिरायची वेळ ठरवून घ्या आणि ती झाली की माथा हाताला लागेल इतका जवळ असला तरी मागे वळा. माथा काही पळून जात नाही. आणि धुक्यात वाट हरवली तर जागचं हलू नका. तीनदा शिट्टी, मग थांबा, पुन्हा तीनदा. शोधणारे येतात.

शोधपथकाचा प्रमुख दारातच उभा होता. त्याला सगळे पहिलवान म्हणतात, कारण शेजारी कुणी शिंकलं तरी वाकेल असा काडीसारखा आहे. मी शेवटचं वाक्य म्हटलं तसा तो वळून बाहेर गेला. विडी ओढायला गेला असेल.

१२ ऑक्टोबर

दुपारी धुकं खाली आलं आणि वरून शिट्टी ऐकू आली. तीनदा. मग थोडा वेळ काही नाही. पुन्हा तीनदा.

धावत पहिलवानाकडे गेले. तो दोरांची वेटोळी घालत होता. डोकं वर न करता म्हणाला, पक्षी आहे तो. म्हटलं, आख्खा जन्म शिट्ट्या ऐकण्यात गेलाय माझा, पक्षी मला सांगू नका. पहिली फुंक जोरात, दुसरी कमी, तिसरी मध्येच तुटलेली. मैदानाला फेऱ्या मारून शेवटी आलेल्या पोरीला शिट्टी वाजवायला दिली तर ती अशी वाजवेल. दमलेल्या माणसाची शिट्टी आहे ती.

तो म्हणाला, आज वर गेलेले सगळे परत आलेत, केंद्राची नोंदवही बघा. पाहिली. खरंच आले होते.

मग वर कोण आहे?

१५ ऑक्टोबर

आज पुन्हा. मी बूट घातले, सॅक पाठीला लावली आणि एकटीच निघाले. पहिलवान मागून धावत आला, निरुपाय झाल्यासारखा. अर्ध्या चढावर एक मोठी शिळा आहे, तिथे त्याने मला बसवलं, आणि मग सगळं सांगितलं. जसं सांगितलं तसंच लिहून ठेवते.

काकूंची मुलगी त्याच्या वर्गातली. झाडांवर, कौलांवर चढायची म्हणून सगळे तिला खारू म्हणत. शाळा संपली त्या वर्षी वर्गातली पाचसहा जणं पहिल्यांदाच डोंगरावर निघाली, त्यात हाही होता. निघण्याआधी काकूंनी केंद्रात सगळ्यांना बसवून आज मी सांगते तेच सांगितलं. लेकीच्या रेनकोटची बटणं स्वतः लावली आणि शिट्टी गळ्यात घातली. परतताना धुकं आलं, ती मागे राहिली. बाकीचे चुकतमाकत, ठेचकाळत खाली पोचले. ती सांगितल्याप्रमाणे जागच्या जागी थांबली.

शिट्टी सगळ्यांनी ऐकली. पण कड्यांवर आपटून तो आवाज चहूकडून यायचा. लोक रात्रंदिवस शोधत होते. शिट्टी हळूहळू क्षीण झाली आणि बंद पडली. ती सापडली नाही, तिचं काहीच सापडलं नाही. पुढच्या धुक्यात शिट्टी पुन्हा वाजायला लागली. त्याला आता वीस वर्षं होऊन गेली.

मी म्हटलं, असं कसं होईल? तो म्हणाला, “बाई, आम्ही सगळेच ऐकतो. ऐकून न ऐकल्यासारखं करतो. तुमच्या गल्लीतल्या खिडक्या नाही का पाहिल्या?”

त्याचा थोरला भाऊ एकदा त्या आवाजामागे गेला होता. जवळ गेलं की शिट्टी थांबते आणि थोड्या वेळाने पलीकडून येते. असं करत करत तो कड्यावरून खाली गेला. तेव्हापासून पथकाचा नियमच आहे: शिट्टीमागे जायचं नाही, माणसाचा आवाज आला तरच पाऊल टाकायचं.

मी विचारलं, मग माझ्या खणातल्या त्या शिट्ट्या? म्हणाला, त्या वरच्या ऑफिसातून येतात, वाटायच्याच असा हुकूम आहे. हुकूम काढणाऱ्यांना काय सांगणार?

उतरताना त्याने माझ्याकडून एक वचन घेतलं. काकूंना यातलं काही कळू द्यायचं नाही. त्यांना वाटतं शिट्टी बंद झालीय.

१९ ऑक्टोबर

बंद झालीय असं का वाटतं, ते आज समजलं. स्वयंपाकघरात किटली शिट्टी घालून घालून कोरडी पडली, बुडाला जळका वास सुटला, आणि काकू शेजारीच बटाटे सोलत बसलेल्या. मी धावत जाऊन गॅस बंद केला. हसल्या, म्हणाल्या, विसरभोळी झालेय. विसरभोळ्या नाहीत त्या. मी बोलते ते ऐकतात, जिन्यावर पाय वाजला की कोण ते ओळखतात. फक्त बारीक, उंच आवाज गेलाय. वयाबरोबर तोच आधी जातो.

जेवताना आपणहून खारूचं बोलल्या. पूर्वी धुकं पडलं की त्यांना शिट्टी ऐकू यायची. दर वेळी त्या वर जायच्या, दर वेळी रिकाम्या हाताने परत. लोक म्हणायचे, वेड लागेल बाईला. मग दोनेक वर्षांमागे आवाज बारीक होत होत थांबला. त्या म्हणाल्या, “त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले गं मी. म्हटलं, सुटली एकदाची. दमली होती फार.” त्यानंतर खोली आवरली, खारूचे कपडे देऊन टाकले, आणि यंदा मला ठेवून घेतलं.

त्या बोलत होत्या तेव्हाही शिट्टी वाजतच होती. मी ताटात बघत जेवत राहिले. 

२४ ऑक्टोबर

आता तुकडीला सांगताना मी एक जास्तीचं सांगते. शिट्टी वाजवा, पण ओरडाही. स्वतःचं नाव घेऊन ओरडा, पुन्हा पुन्हा ओरडा. लोकांना वाटतं, बाईंना शाळेची सवय आहे.

आज एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं. दोघांचाही पहिलाच डोंगर. दोघांच्या लोकरी टोप्या सारख्या, तिनेच विणलेल्या. त्याची जरा मोठी झालेली, सारखी डोळ्यांवर येत होती. सगळी तयारी अगदी पुस्तकात असते तशी. बूट मुरलेले, कपडे कोरडे, टॉर्चचे सेल नवे. मी शाबासकी दिली. त्याने खुणेनेच आभार मानले. तिने मफलर त्याच्या गळ्याभोवती आणखी घट्ट गुंडाळला.

छान मुलं होती.

होती का लिहिलं मी? आहेत. अजून परतायची आहेत.

२५ ऑक्टोबर

ती एकटीच आली. गुडघे फुटलेले, टोपी कुठेतरी पडलेली. धुक्यात त्याचा पाय मुरगळला. तो एका झाडाखाली थांबला आणि तिला मदत आणायला पाठवलं. मदत आणायची ती अशीच. एकाने थांबायचं, एकाने यायचं, हे मीच शिकवते.

झाड कसं आहे, शेजारी काय आहे, तिने सगळं नीट सांगितलं. पहिलवान पथक घेऊन वर गेला. ती केंद्रात बाकावर बसून आहे. चहा पुढे ठेवला, तो तसाच गार झाला.

शिट्टी वाजतेय. मी कान देऊन ऐकते आणि मला कळत नाही—

२७ ऑक्टोबर

सापडला. त्याच झाडाखाली. धुक्यात पथक तिथून जवळून कितीदा गेलं होतं.

सॅक बाजूला सरकवून ठेवलेली, कुणाला बसायला जागा करून द्यावी तशी. बिस्किटाचा पुडा फोडलेला. शेजारच्या दगडावर रुमाल पसरून अर्धी बिस्किटं त्याच्यावर मांडलेली. अर्धी त्याने खाल्ली होती.

शिट्टी ओठांतच होती.

ती मला एवढंच म्हणाली, “तुम्ही सांगितलं होतं, हलू नका. तो हलला नाही हो.” आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी विचारलं, ओरडला नाही का तो? म्हणाली, घसा बसला होता त्याचा आदल्या दिवसापासून. आवाजच फुटत नव्हता. म्हणून तर मफलर गुंडाळला होता.

मी पहिलवानाकडे पाहिलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याने शिट्टी ऐकली होती. सबंध पथकाने ऐकली होती.

३० ऑक्टोबर

खणातल्या सगळ्या शिट्ट्या पोत्यात भरून वरच्या ऑफिसात साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. साहेब म्हणाले, जगात सगळीकडे हाच नियम आहे बाई, नियम बरोबर आहे. बरोबरच आहे. खारूनेही बरोबर केलं, त्या मुलानेही बरोबरच केलं.

मी केंद्राचं दार लावून घेतलं. वाट बंद आहे, अशी पाटी लावली. 

धुकं हटत नाही.

आता शिट्ट्या दोन आहेत. एक तीच, दमलेली. दुसरी जाड, पुरुषी, जरा घाईची. एक संपली की दुसरी सुरू होते. एकमेकांना वेळ देतात.

३१ ऑक्टोबर

ताईचा फोन. आवाज असा का, विचारते. ये म्हणते इकडे. जाईन. उद्या जाईन म्हटलं.

खिडकी लावून घेतली. मग उशीने फट बुजवली. मग उठून पुन्हा उघडली. कुणीतरी ऐकायला नको का?

१ नोव्हेंबर

व्हायला नको होतं ते झालं.

सकाळी काकूंबरोबर चहा घेत होते. शिट्टी वाजली. मी काही बोलले नाही, कप खाली ठेवला नाही, काही नाही. काकू माझ्याकडे बघत होत्या.

म्हणाल्या, “तुझी मान वळली.”

मी म्हटलं, कुठे? उगीच आपलं.

“उगीच नाही. रोज वळते. आधी वाटलं वाऱ्याला बघतेस.” थांबल्या. हातातला कप बशीत ठेवला. मग विचारलं, “वाजतेय अजून?”

खोटं बोलायला तोंड उघडलं. खोटं आलं नाही.

काकू रडल्या नाहीत. आपला एक कान हाताने चाचपून पाहिला, मग दुसरा. मुलाला मारल्यावर त्याचा गाल चाचपतात तसं. म्हणाल्या, “म्हणजे ही दोन वर्षं ती वाजवत होती. आणि मी जेवत होते.”

मी त्यांचे हात धरले. सगळं सांगितलं, पहिलवानाचा भाऊ, तो मुलगा, सगळं. सांगितलं की ती खारू नाही, खारू असती तर कुणाला असं— त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. म्हणाल्या, माझीच मुलगी आहे. एकटी आहे म्हणून कुणालातरी जवळ बसवून घेते. मीच सांगितलं होतं तिला, कुणी येईपर्यंत जागचं हलू नकोस म्हणून. फार ऐकायची माझं.

मग कपबश्या विसळून जागेवर ठेवल्या.

२ नोव्हेंबर

काकू घरात नाहीत. दार उघडं. त्यांचे जुने बूट खुंटीखाली नाहीत.

उजाडलं तेव्हा धुकं दारापर्यंत आलेलं. पहिलवानाला उठवलं. पथकातले दोघंच तयार झाले. मी येते म्हटलं. तो नको म्हणाला. मी आलेच.

ही वही सॅकच्या कप्प्यात राहिली होती. शिळेजवळ थांबलोय, दोर सोडवतायत, तेवढ्यात लिहिते. ताईला कळवून आलेय कुठे जातेय ते. परत फिरायची वेळ ठरवलीय. सगळं नीट केलंय.

दुपार असावी

काकूंचा आवाज ऐकला. खारू, खारू, असा. माणसाचा आवाज होता, म्हणून पथकाला मागे सोडून गेले. चार पावलं गेले असेन फार तर, आणि पायाखालचं गवत सरकलं. घळीत पडले. पाय मोडलाय, गुडघ्याखाली. हाड दिसत नाही पण पाय भलतीकडे वळलाय. ओरडले, ओरडले. आता घशातून नुसती हवा येते.

काकू इथेच आहेत. घळीच्या तळाशी, कातळाला टेकून. जिवंत आहेत. अंगावरची शाल काढून शेजारच्या रिकाम्या जागेवर पांघरलीय. म्हटलं, काकू, शाल घ्या अंगावर, गारठाल. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

“हळू. आत्ताच डोळा लागलाय तिचा.”

मघापासून एकही शिट्टी वाजलेली नाही. हे आत्ता लक्षात आलं.

काकूंचा हात गार आहे. चोळला, खूप चोळला. काही उपयोग—

चेहरा शांत आहे. मांडीवर कुणाचं तरी डोकं असावं तसा एक हात हवेत थबकलेला. खाली पडत नाही तो हात.

शाल हलली.

वारा नाही.

लिहीत राहते. लिहिलं की बोटं चालतात. ताई, मी कालच येणार होते गं.

काकूंच्या पलीकडे कुणीतरी बसलंय. ओल्या रेनकोटची सळसळ होते. मी बघत नाही. दम लागल्यासारखा श्वास. लहान आहे, म्हणजे आवाजावरून— शाळा नुकतीच संपलेल्या पोरीचा असतो तसा.

माझी बाही धरलीय. घट्ट नाही. गर्दीत लहान मूल धरतं तशी.

म्हणाली, हलू नका हं. येतील.

मला भीती वाटायला हवी. वाटते. पण त्याहून जास्त— कसं लिहू— ती इतक्या वर्षांत अजूनही खात्रीने म्हणते, येतील.

पावलं. वर, कडेला. पहिलवान! खोकला ओळखला. आला. आला.

आवाज निघत नाही. शिट्टी आहे गळ्यात, माझी शाळेतली जुनी. तीनदा वाजवली.

थांबला तो. अगदी डोक्यावर. त्याच्या बुटाने सुटलेली माती माझ्या वहीवर पडली. त्याने हाक मारली, बाई? बाई, तुम्ही आहात का? बोला काहीतरी.

तोंड उघडलं. हवा. नुसती हवा. दगड मारला वर, अर्ध्यात खाली आला. पुन्हा वाजवली. पहिली जोरात गेली. दुसरी कमी. तिसरी मध्येच तुटली.

 मग तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस, हुंदके देऊन. म्हणाला, “खारू, पुरे गं आता. पुरे. जा ना.”

जातोय. पावलं— नाही, अहो मी, मी आहे— लांब चाललीत पावलं—

बाहीवरचा हात थोपटतोय मला. म्हणते, पुन्हा वाजवा. मी पण वाजवते. दोघी मिळून वाज